चराईबंदी नव्हे, चराईचे वेळापत्रक

राजुरा परिसरातील उजाड कुरणे, गुराखी आणि नियोजित चराईचे शास्त्र

वर्धा नदीवरील पूल ओलांडून बल्लारपूरकडून राजुरा तालुक्यात प्रवेश केला की तीन दृश्ये एकापाठोपाठ दिसतात. सास्ती, गोवरी, पोवनी परिसरातील कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे उंच ढिगारे, त्यानंतर कापूस व सोयाबीनची शेते आणि दूरवर माणिकगडच्या डोंगररांगेतील सागाचे जंगल. शेत आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्यात गावाची चराईची जमीन असते. ती सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. उन्हाळ्यात ती उघडीबोडकी असते आणि पावसाळ्यात जी हिरवळ दिसते, तिच्यात तरोटा व रानतुळस यांचाच भरणा अधिक असतो. तिला जनावर तोंड लावत नाही.

गावाजवळ गवत नाही, म्हणून गुराखी जनावरे घेऊन जंगलात शिरतो आणि या जंगलात वाघ आहे. राजुरा व विरूर वनपरिक्षेत्रांत सुमारे पावणेदोन वर्षांत आठ जणांचे बळी घेणारा 'आरटी-१' हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला. परंतु त्यामुळे मनुष्य आणि वन्यजीव यांच्यातील संघर्ष संपला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात गुराखी वा जनावर ठार झाल्याची बातमी आजही अधूनमधून येतच असते. अशा प्रदेशात गावालगतच्या कुरणाचा प्रश्न केवळ चाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. गुराख्याने सकाळी कोणत्या दिशेला जावे, हे त्या कुरणातील गवत ठरवीत असते.

हे गवत परत आणता येते काय? येते, असे शास्त्र आणि अनुभव दोन्ही सांगतात. त्यासाठी जनावरे कायमची हद्दपार करण्याची गरज नसते. जनावर कोठे, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत चरावे, याचा निर्णय गावाने घ्यावा आणि तो पाळावा लागतो. यालाच नियोजित किंवा आवर्तनी चराई म्हणतात.

गवत मरते कसे?

'जनावरे वाढली म्हणून कुरणे संपली' हे विधान सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. गवताच्या वाढीचा कोंब झाडाप्रमाणे शेंड्यावर नसतो, तो जमिनीलगत बुंध्यापाशी असतो. त्यामुळे वरचे पाते खाल्ले गेले तरी गवत पुन्हा फुटते. किंबहुना गवत आणि चरणारे प्राणी यांची घडण लाखो वर्षे एकमेकांच्या सहवासात झाली आहे. जुने वाळलेले पाते खाल्ले गेले नाही, तर ते नव्या फुटव्यावर सावली धरते आणि गवताचा ठोंब आतून कुजू लागतो.

धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. खाल्लेल्या पात्याच्या जागी नवे पाते काढण्यासाठी गवत मुळांत साठवलेले अन्न वापरते. ते नवे कोवळे पाते जनावराला सर्वांत जास्त आवडते. मुळांची भरपाई होण्यापूर्वीच त्याच ठोंबाला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तोंड लागले, तर मुळे आखूड होत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात ठोंब मरतो. अमेरिकेच्या कृषी विभागातील फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले. गवताचा निम्म्यापर्यंतचा भाग कापला तर मुळांच्या वाढीवर फारसा परिणाम होत नव्हता. मात्र ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक भाग कापताच मुळांची वाढ कित्येक दिवस पूर्णपणे थांबत होती.

फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे वॉझँ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा चराईच्या भाषेत मांडला. गवताच्या दृष्टीने जनावरांच्या संख्येपेक्षा दोन चराईंमधील विश्रांतीचा काळ अधिक महत्त्वाचा असतो. दहा गायी एकाच माळावर रोज फिरत राहिल्या तरी त्यातील चवदार गवत नष्ट होऊ शकते. शंभर गायी चार दिवस चरून महिनाभर तेथे फिरकल्या नाहीत, तर तेच गवत टिकू शकते.

राजुऱ्यासारख्या भागात नेमके याच्या उलट घडते. जूनमध्ये पहिला पाऊस पडताच सकाळी आखरावर जमलेली गावाची सगळी जनावरे गायरानात सोडली जातात, कारण पेरणी झाल्यामुळे शेते बंद होतात. गवताला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत त्याच्यावर सर्वाधिक तोंडे असतात. कोंब वर येतो आणि खाल्ला जातो. दिवाळीनंतर पिके निघून शेते मोकळी होतात आणि जनावरे तिकडे वळतात, तेव्हा बी धरण्याचा हंगाम उलटून गेलेला असतो.

माळाची पायरी उतरण

भारतातील गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मध्य भारत व दख्खनचा मोठा भाग 'सेहिमा-डायकँथियम' या प्रकारात मोडतो. यातील सेहिमा म्हणजे आपल्याकडील पवना आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. मुरमाड बरडीवर पवना आणि काळ्या जमिनीत मारवेल ही या प्रदेशाची मूळ संपत्ती होय. दोन्ही गवते बहुवर्षायू, चवदार आणि वाळवून साठवण्याजोगी आहेत.

सततच्या चराईने ही दोन गवते प्रथम जातात, कारण जनावर तीच प्रथम निवडते. त्यांची जागा कुसळी घेते. कुसळी कोवळी असेपर्यंत खाल्ली जाते. बी धरल्यावर तिची टोकदार कुसळे जनावराच्या तोंडात रुततात आणि मेंढीच्या लोकरीत अडकतात. दबाव तसाच राहिला की कुसळीही विरळ होते. मग एका पावसाळ्यापुरती उगवणारी, काडीसारखी निकस गवते येतात. शेवटी तरोटा, गाजरगवत, रानतुळस आणि घाणेरी यांचे राज्य सुरू होते. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि वरचा मातीचा थर नाल्याला जातो.

आपल्या गावाचा माळ या उतरणीवर कोणत्या पायरीवर आहे, हे ओळखणे हे पहिले काम. पवना वा मारवेलाचे ठोंब कुंपणाच्या कडेला, काटेरी झुडपांच्या आत, स्मशानभूमीत किंवा देवराईत अजूनही दिसत असतील, तर बी शिल्लक आहे. अशा ठिकाणी केवळ विश्रांती दिली तरी दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसू लागतो. ते कोठेच दिसत नसतील, तर बी पेरावे किंवा ठोंब लावावे लागतात. स्थानिक बी मिळाल्यास उत्तम. बांधावर व खोलगट भागात लावण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले मारवेल ०६-४०' हे वाणही उपलब्ध आहे.

बंदीचे धडे

महाराष्ट्रात 'चराईबंदी' हा शब्द आदर्श गावांच्या चळवळीमुळे घरोघरी पोहोचला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू केली. गवत कापून घरी नेण्यास मात्र परवानगी ठेवली. डोंगर हिरवे झाले, गवत वाढले आणि त्यावर दुधाचा व्यवसाय उभा राहिला. या यशात बंदीइतकाच 'कापा आणि न्या' या सोयीचा वाटा होता, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

सोय न करता केलेल्या बंदीचे काय होते, याचे उदाहरण राजस्थानातील भरतपूर येथे घडले. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी घालण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांना गोळीबार करावा लागला आणि त्यात काही जणांचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निराळेच चित्र समोर आले. म्हशी थांबल्यामुळे पाणथळ जागेत गवत बेसुमार माजले होते आणि पाणपक्ष्यांना त्याचा त्रास होऊ लागला होता. म्हशी पक्ष्यांच्या शत्रू ठरवल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या पाणथळ जागा मोकळी ठेवण्याचे काम करीत होत्या.

राजुरा परिसरात अशी बंदी घातली तर आणखी एक गोष्ट घडेल. गावाजवळचा माळ बंद झाला, की जनावरे दावणीला राहणार नाहीत. ती जंगलात अधिक आत जातील. बंदीचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागते. ज्याच्याकडे पाच-सात एकर शेत आहे, तो बांधावर चारा लावू शकतो. चार शेळ्यांवर संसार करणाऱ्या भूमिहीन बाईला ते शक्य नसते.

वेळापत्रक कसे असावे?

समजा, एखाद्या गावाकडे शंभर हेक्टर चराईची जमीन आहे. नाला, पाऊलवाट, टेकडीची धार अशा नैसर्गिक खुणा धरून तिचे चार भाग पाडावेत. तारेच्या कुंपणाची आवश्यकता नाही. गुराखी हेच कुंपण होय. चुन्याने रंगवलेले दगड सीमा दाखवण्यास पुरेसे असतात.

पहिल्या वर्षी यातील एक भाग पावसाच्या आरंभापासून गवताचे बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर अखेरपर्यंत, पूर्ण बंद ठेवावा. उरलेल्या तीन भागांतही पहिल्या पावसाबरोबर जनावरे सोडू नयेत. गवत टीचभर होऊ द्यावे. हे तीन-चार आठवडे सर्वांत कठीण असतात आणि त्यासाठी साठवलेला चारा लागतो. त्यानंतर सगळा कळप एकत्र ठेवून एका भागात दहा-बारा दिवस, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात असा फिरवावा. म्हणजे प्रत्येक भागाला तीन आठवड्यांच्या आसपास विश्रांती मिळते. पावसाने ओढ दिली, तर गवताची वाढ मंदावते. अशा वेळी आवर्तनही लांबवावे. निम्मे गवत खाल्ले गेले की भाग बदलायचा, हा साधा नियम पुरेसा आहे. दिनदर्शिकेपेक्षा गवताकडे पाहून निर्णय घेणे केव्हाही श्रेयस्कर.

बंद ठेवलेल्या भागातील बी झडल्यावर तेथील काही गवत कापून वाळवावे आणि नंतर जनावरे आत सोडावीत. खुरांनी बी मातीत दाबले जाते, उभी वाळलेली काडी आडवी पडून जमीन झाकते आणि शेण तेथेच पडते. दुसऱ्या वर्षी दुसरा भाग बंद ठेवावा. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी धरण्याची संधी मिळते. गवतशास्त्रात या पद्धतीला 'विलंबित आवर्तनी चराई' म्हणतात. झांशी येथे १९६२ पासून कार्यरत असलेल्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेच्या अभ्यासाचाही हा विषय राहिला आहे.

माळ अगदीच उजाड असेल, तर एखाद-दुसरा भाग सलग दोन वर्षे बंद ठेवावा लागतो. रानतुळस फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्यातच, मुळासकट उपटावी. बी पडल्यानंतर केलेली मेहनत वाया जाते. उन्हाळ्यातील वणव्यापासून संरक्षणासाठी जाळरेषा काढाव्यात. पाणी एकाच ठिकाणी असेल, तर जनावरे तेथेच घुटमळतात आणि तेवढीच जमीन तुडवली जाते. म्हणून शक्य असल्यास दोन ठिकाणी पाण्याची सोय करावी.

चाऱ्याचा हिशेब

वेळापत्रक ठरवताना आकडे समोर असणे आवश्यक आहे. अडीचशे किलो वजनाच्या देशी गायीला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा चारा लागतो. गावात अशी शंभर जनावरे असतील, तर रोजची गरज सहाशे किलो, म्हणजे वर्षाला सुमारे २१९ टन.

उजाड माळावर हेक्टरी एक टन कोरडे गवत धरले, तर शंभर हेक्टरांत शंभर टन होते. निम्मे गवत मुळांसाठी व मातीसाठी सोडायचे, म्हणून जनावरांच्या वाट्याला पन्नास टन येतात. शंभर जनावरांना ते ८३ दिवस पुरेल. माळ सुधारून उत्पादन हेक्टरी तीन टनांवर गेले, तर त्याच नियमाने दीडशे टन गवत मिळते आणि ते २५० दिवस पुरते. जनावरे तेवढीच, जमीन तेवढीच. फरक केवळ ठोंबांच्या प्रकृतीचा.

तरीही ११५ दिवस उरतातच. ते धानाच्या तणसावर, तुरीच्या व सोयाबीनच्या कुटारावर आणि साठवलेल्या गवतावर काढावे लागतात. विदर्भात ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली, तेव्हा कडबा गेला आणि त्याचा भार गायरानावर पडला. त्यामुळे कुरणाचा विचार शेतातील पिकांपासून वेगळा करता येत नाही. यंत्राने सोयाबीन काढल्यावर कुटार शेतातच न जाळता ते गोळा करणे, हीसुद्धा कुरणसुधारणाच आहे. जून-जुलैमध्ये गायरान तीन आठवडे बंद ठेवायचे असेल, तर त्याची तयारी मागच्या दिवाळीतच करावी लागते.

जमीन कोणाची?

हे सर्व करण्याचा अधिकार गावाला आहे काय, हा प्रश्न पुढे येतोच. त्याचे उत्तर जमिनीच्या नोंदीत असते.

महसुली गायरानाच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ व २३ लागू होतात. गावच्या जनावरांना मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवणे आणि तेथील चराईचा हक्क त्या गावच्या जनावरांपुरता ठेवणे, असे त्यांचे स्वरूप आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्य शासनाने गायरान जमिनींच्या वाटपावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. राज्यात गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर असून त्यातील दहा हजार हेक्टरांवर अतिक्रमणे असल्याची माहिती २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आली होती.

पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' हा आणखी एक प्रकार आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील हलक्या प्रतीच्या, झुडपे असलेल्या या जमिनींवर पिढ्यान्पिढ्या गावची जनावरे चरत आली. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निकालात या जमिनी वनच असल्याचे स्पष्ट केले. ८६ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. निकालामुळे या जमिनी इतर वापरासाठी सहज देता येणार नाहीत. पण वन म्हणजे वृक्षलागवड असे समीकरण धरून तेथे सरसकट खड्डे खणले गेले, तर उरलेसुरले गवतही जाईल. गवताळ माळ हे 'झाडे नसलेले जंगल' नव्हे. ती स्वतंत्र परिसंस्था आहे.

राजुऱ्याच्या बाबतीत इतिहासाचाही एक पदर आहे. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यात आला. वर्धेपलीकडील जुन्या मध्य प्रांतातील गावांप्रमाणे निस्ताराच्या नोंदींची परंपरा येथे नव्हती. म्हणून ग्रामसभेने प्रथम तलाठी व वन विभागाकडून आपल्या चराईच्या प्रत्येक गटाची नोंद तपासून घेणे इष्ट.

जमीन वनाची असेल, तर वनहक्क कायदा, २००६ महत्त्वाचा ठरतो. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा हक्क सामूहिक हक्क म्हणून मान्य आहे. स्थायिक आणि भटक्या अशा दोन्ही पशुपालकांचा त्यात उल्लेख आहे. कलम ३(१)(झ) नुसार सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. म्हणजे चरण्याचा हक्क आणि चराईला शिस्त लावण्याचा हक्क एकाच कायद्यात आहेत.

विदर्भातील अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गाव स्वतः जंगल सांभाळू शकते, हे देशापुढे आले. राजुऱ्याच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांवर हा हक्क मिळाला. पाचगावचा एक निर्णय कुरणांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तेंदूपानांच्या हंगामात चांगला पैसा मिळत असूनही गावाने पाने तोडणे थांबवले, कारण नवी पालवी यावी म्हणून जंगलात आगी लावल्या जातात आणि फांद्या छाटल्या जातात. बांबूच्या उत्पन्नामुळे गावाला हा त्याग परवडला. आगीवर आणि तोडीवर गाव असा नियम करू शकते, तर चराईवरही करू शकते.

अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या अचलपूर तालुक्यातील गावाची गोष्ट अधिक जवळची आहे. जवळपास १९० हेक्टर उजाड वनजमीन या कोरकू वस्तीच्या गावाकडे आली. गावाने मोकाट चराईला आळा घातला, मृद व जलसंधारणाची कामे केली आणि रोपे लावली. गवत आले, सीताफळाचे उत्पन्न सुरू झाले. या कामाला २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

ताडोबात वेगळ्या वाटेने गवत परत आले. नवेगाव, जामणी अशा स्थलांतरित गावांच्या पडीक शेतांवर वन विभागाने तण काढून गवताळ कुरणे उभी केली. अमरावती विभागातील गवताचे अभ्यासक प्रा. गजानन मुरतकर यांच्यासारख्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन अशा कामांना लाभले आहे. तेथे चरतात ती चितळे आणि गवे. गवताला चरणारे तोंड लागतेच. ते चितळाचे असावे की गायीचे, हे त्या जागेवरून ठरते.

शंकाही लक्षात घ्याव्यात

नियोजित चराईचा जगभर सर्वाधिक प्रचार झिम्बाब्वेचे पर्यावरणतज्ज्ञ ॲलन सेव्हरी यांनी केला. जनावरांचे मोठे कळप दाटीने आणि वेगाने फिरवले, तर वाळवंटीकरण रोखता येते आणि हवामानबदलही उलटवता येतो, असा दावा त्यांनी २०१३ मधील गाजलेल्या व्याख्यानात केला. या दाव्यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. अमेरिकेतील डेव्हिड ब्रिस्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा जनावरांची संख्या सारखीच असल्यास आवर्तनी चराई सततच्या चराईपेक्षा सरस ठरत असल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही.

याचा अर्थ नियोजन व्यर्थ आहे, असा नाही. आवर्तन म्हणजे जादू नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. जनावरे जमिनीच्या कुवतीच्या दुप्पट-तिप्पट असतील, तर कोणतेही वेळापत्रक कुरण वाचवू शकणार नाही. आपल्याकडील परिस्थितीत फायदा होतो तो प्रामुख्याने दोन गोष्टींचा. पावसाळ्यात बी धरेपर्यंत विश्रांती मिळते आणि निम्मे गवत राखण्याची सवय गावाला लागते. अतिरिक्त चारा दावणीवर दिल्याशिवाय या दोन्ही गोष्टी जमत नाहीत.

वाघाच्या बाबतीतही भाबडेपणा नको. कुरण सुधारले की चितळ व रानडुकरे येतील आणि त्यांच्या मागावर वाघही येऊ शकतो. मात्र मोकळ्या माळावर दूरवरचे दिसते, कळप एकत्र असतो आणि दोन-तीन गुराखी सोबत राहू शकतात. दाट झुडपात विखुरलेली जनावरे शोधत एकट्याने फिरण्यापेक्षा हे निश्चितच कमी धोक्याचे आहे. दिवस मावळण्यापूर्वी परतणे आणि घाणेरीची दाट जाळी काढून टाकणे, या दक्षता तरीही घ्याव्याच लागतील.

गुराखी केंद्रस्थानी

या सर्व व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा माणूस गुराखी आहे आणि निर्णय घेताना त्यालाच कोणी विचारत नाही. ढोरकी म्हणून राबणाऱ्या या माणसाला जनावरामागे ठरलेले धान्य वा रोख रक्कम मिळते. हे काम करण्यास नवी पिढी तयार नाही आणि गुराखी नसला की जनावरे मोकाट सुटतात. कोणत्या भागात कोणते गवत आधी संपते, कोठे कुसळी माजली आहे, कोणत्या नाल्यात वाघाचे ठसे दिसले, हे त्याला ठाऊक असते. वेळापत्रक कागदावर ग्रामसभेचे असले, तरी ते माळावर पाळणार तो. म्हणून त्याचा मोबदला वाढवणे आणि कुरण समितीत त्याला स्थान देणे ही मेहेरबानी नव्हे, ती या योजनेची पूर्वअट आहे.

चंद्रपूर व गडचिरोलीतील कुरमार मेंढपाळांचाही विचार यात व्हायला हवा. त्यांचे कळप हंगामानुसार फिरतात. त्यांना हाकलण्यापेक्षा बी झडल्यानंतरच्या महिन्यांत ठरावीक भाग ठरावीक दिवसांसाठी देण्याचा करार केला, तर माळाला लेंडीखत मिळेल आणि रात्रीच्या वेळी होणारे वादही टळतील. देशी गोवंशाचाही येथे संबंध आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया परिसरातील 'कठाणी' ही गायींची जात आता राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. हलक्या चाऱ्यावर तग धरणारी, चिखलणीच्या कामाची ही लहान चणीची जनावरे चराईवरच टिकली आहेत. कुरण गेले तर जातही जाईल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. अशा घोषणा राजुऱ्याच्या आखरापर्यंत पोहोचतीलच असे नाही. तेथे काम सुरू करण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: गटांच्या नोंदी, माळाचे चार भाग दाखवणारा नकाशा, दिवाळीत साठवलेला चारा, गुराख्याच्या मोबदल्यासह ग्रामसभेचा ठराव आणि पहिल्या पावसानंतर तीन आठवडे पाळलेला संयम. पहिल्या वर्षी एकच भाग बंद ठेवता आला तरी पुरे. ऑक्टोबरमध्ये त्या भागात पवन्याचे तुरे दिसले, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या भागासाठी गावाची समजूत घालावी लागणार नाही.